कुंपणावरचा पत्र्याचा डबा

"पुसून ठेवते म्हणे! काय पुसते, कशानं पुसते, आणि पुसून कुणाच्या गळ्यात घालते, देव जाणे."

ही कुरकुर ऐकायला समोर फक्त गाईचं पोट होतं. दोन बहिणींतल्या थोरलीचा नवरा त्या गाईच्या कासेला दूध काढायचं यंत्र लावत बसला होता. कपाळ तिच्या बरगड्यांना टेकलेलं आणि आवाज इतका बारीक, की गाईच्या पलीकडे जाऊ नये. पण गाईच्या पलीकडेच फावडं घेऊन थोरली उभी होती, आणि लग्न मुरलं की बायकांचे कान नेमके असल्याच आवाजाला लागलेले असतात.

"काय म्हणालात?"

"कुठं काय? हिच्याशी बोलतोय."

"मग तिनं उत्तर दिलं की मलाही सांगा."

गाईनं उत्तर दिलं. मान लांब करून ती खोकली. तिचं ऐकून रांगेच्या मधली एक खोकली, आणि पार टोकाला बांधलेली इन्स्पेक्टर तर अशी खोकली, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. इन्स्पेक्टर हे गाईचंच नाव. आल्यागेल्याचे खिसे हुंगून तपासायची सवय होती तिला. आता तिच्या स्वतःच्याच नाकातून लांब लड लोंबत होती, आणि खिसे तपासण्यातला रस संपला होता.

हे सगळं नव्या कालवडीबरोबर आलं होतं. थोरलीनं ती हौसेनं विकत आणली तेव्हा तिचं नाक जरा ओलं होतं. गाडीतल्या वाऱ्यानं असेल, असं सगळे म्हणाले, कारण कालवड दिसायला देखणी होती, आणि देखण्या पाहुणीच्या नाकाकडे कोण बघतं! पुढच्या आठवड्यात गोठा खोकायला लागला.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी गाईंची छाती ऐकली, नाकातला चिकटा नळीत भरून नेला, आणि दोन दिवसांनी निकाल सांगितला. "विषाणू आहे. नाक-घशाचा. आपल्याला सर्दी होते ना, त्याच तऱ्हेचा. मोठ्या गाई तापतील, खोकतील, दूध कमी करतील आणि बऱ्या होतील. वासरांना मात्र जड जातो. आणि गाभण गाईला झाला, तर ती गाभडू शकते, म्हणजे गर्भ पडू शकतो."

"औषध?"

"विषाणूवर औषध नाही, मावशी. आजारी आहेत त्यांना वेगळं बांधा, बाकीच्यांना मी लस देते. आणि त्याची वाट बंद करा."

"कुठली वाट?"

"ज्या वाटेनं तो फिरतो ती."

मग थोरलीनं वाटा बंद केल्या. असं काही करायचं म्हटलं की ती पदर खोचूनच करायची. फाटकाशी जंतुनाशकाचं घमेलं आलं. पेंडीच्या गाडीचा चालक बूट बुडवल्याशिवाय आत यायचा नाही, आणि एकदा बुडवले की पुढं फच् फच् करत चालायचा. पोस्टमनानं तर पाकिटं फाटकावरून फेकायला सुरुवात केली. आजारी गाईंचं फावडं वेगळं, बादली वेगळी, नवऱ्याचा सदरा वेगळा. मांजरीला घमेल्यातून नेण्याचा प्रयत्न एकदाच झाला. त्याच्या खुणा नवऱ्याच्या मनगटावर अजून आहेत.

एवढं करून खोकला पलीकडच्या गोठ्यात पोचला. पलीकडचा गोठा म्हणजे धाकटीचा, थोरलीच्या पाठच्या बहिणीचा. आणि त्या दोन गोठ्यांमध्ये काहीच ये-जा नव्हती. म्हणजे सांगायला नव्हती.

हे नीट सांगायला हवं. वडील गेले तेव्हा बहिणींनी गोठा वाटून घेतला. वाटणी सरळ झाली. गाई निम्म्या, गव्हाणी निम्म्या, चारा कापायचं यंत्र एकीला, पाण्याची मोटर दुसरीला. धाकटीनं तारेच्या कुंपणापलीकडे आपला गोठा बांधला. तिचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा, त्यामुळे गोठाही तिचा एकटीचा आणि कारभारही. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. पण वाटणीच्या शेवटच्या दिवशी, मास्तरीण नावाची वडिलांची लाडकी गाय कुणाकडे जावी यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि धाकटी म्हणाली, "तुझ्या हाताला गाई पान्हा चोरतात, ताई. बाबा असेपर्यंत कुणी बोललं नाही, एवढंच."

गोठ्यातल्या बाईला तुम्ही आळशी म्हणा, कजाग म्हणा, एक वेळ तिच्या चहाला नावं ठेवा. हे म्हणू नका.

"ने मग मास्तरीण," थोरली म्हणाली. "आणि माझ्याशी बोलू नकोस." दोघी वडिलांच्या मुली. एकदा बोललेलं पाळायचं, ही तर घरची शिस्त. तेव्हापासून पाळतायत.

पण काही वस्तू वाटणीत बसल्या नाहीत. गाईच्या नाकपुड्यांत अडकवून तिला जागेवर उभी ठेवायचा लोखंडी चिमटा एकच होता. खूर कापायची सुरी एकच. अडलेलं वासरू ओढायची दोरी एक, थर्मामीटर एक. चिमट्याचे दोन तुकडे केले तर दोघींच्या हाती नुसते आकडे आले असते. मग एके सकाळी कुंपणाच्या मधल्या खांबावर पत्र्याचा एक डबा ठोकलेला दिसला, झाकण असलेला, आणि या चारही वस्तू त्यात. डबा कुणी ठोकला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही. नवऱ्याचा अंगठा मात्र त्या दिवसांत सुजलेला होता.

डब्याचे नियम कुणी सांगितले नाहीत आणि कुणी मोडले नाहीत. लागेल त्यानं न्यायचं, काम झालं की पुसून ठेवायचं. पुसायला आत वडिलांच्या चौकटीच्या सदऱ्याची एक बाही होती. घाणेरडी वस्तू परत ठेवणं म्हणजे समोरचीला बोलायला जागा देणं, आणि समोरची बोलणार नसली तरी ती मनात म्हणेल, याची दोघींना खात्री. म्हणून दोघी अशा पुसायच्या, की चिमट्यात तोंड दिसावं. बाही मात्र कधी कुणी धुतली नाही. धुवायची तर घरी न्यायला हवी, आणि घरी नेली तर ती वडिलांची बाही एकटीनं घेतल्यासारखं झालं असतं. त्यामुळे ती वर्षानुवर्षं डब्यातच होती, आणि तिला एक स्वतःचा स्वभाव आला होता.

लोक म्हणायचे, त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. लोकांना काय कळतंय! डब्यातून दोरी गेली, की पलीकडे एखादी गाय व्यायला आलीय हे थोरलीला कळायचं, आणि त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नसायचं. दोरी गाठ मारून परत आली तर कालवड झाली, मोकळी आली तर गोऱ्हा. थर्मामीटर परत यायला उशीर झाला की इकडे काळजी. कधी सोबत कासेचं मलम निघायचं. एका कडक थंडीत लोकरीचे हातमोजे निघाले. थोरलीच्या बोटांना भेगा पडल्यात हे कुंपणापलीकडून कुणाला दिसलं, हे तिनं विचारलं नाही. मोजे घातले. आणि पुढच्या वेळी दोरी ठेवताना, कुठली गाय व्यालेली नसतानाही, तिला उगाचच एक गाठ मारून ठेवली.

नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. त्याला मेहुणीशी बोलायची बंदी नव्हती, पण कुठल्याही बाजूला झुकल्यासारखं दिसू नये म्हणून त्यानं स्वतःला फक्त हवामान मंजूर केलं होतं. कुंपणाशी गाठ पडली की तो म्हणायचा, "आज ढग आहेत." धाकटी वर बघून म्हणायची, "आहेत, भाऊजी." झालं बोलणं.

खोकला सुरू झाल्यापासून मात्र तो येता-जाता डब्याकडे बघायचा. आजारी गाईंचा ताप डब्यातल्या थर्मामीटरनं बघायचा. हलू नयेत म्हणून त्यांच्या नाकात चिमटा. मग चिमटा त्या बाहीनं पुसायचा, झकास, आणि डब्यात. फाटकावर घमेलं, आणि कुंपणावर हे. हे त्याला कळत होतं. ते कळूनही गाईच्या पोटाला सांगण्यापलीकडे त्याची मजल जात नव्हती. कारण चिमटा बंद म्हणजे डबा बंद, आणि डबा बंद म्हणजे काय, हा विचार तो अर्ध्यावर सोडून चहा मागायचा.

तर त्या सकाळी, इन्स्पेक्टर खोकत असताना, डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. वयानं लहान, बुटांनी मोठ्या. घमेल्यात बूट बुडवून त्या आत आल्या आणि रांगेवरून नजर फिरवत उभ्या राहिल्या.

"मावशी, मला एक कळत नाहीये. खोकला शेजारणीकडून शेजारणीला लागतो. तुमच्याकडे तसाच लागलाय. पण पलीकडच्या मावशींकडे त्यानं सुरुवातीला उड्या मारल्या. दाराजवळची गाय, मग मधली सगळी सोडून चौथी, मग एकदम मागची भिंत. या तिघींचा एकमेकींशी संबंध काय?"

"मला काय माहीत? मी त्या गोठ्यात पाऊल टाकत नाही."

"तिघींचे खूर वाढलेले होते. तिघींचे खूर नुकतेच कापलेत. मग मी विचार केला, खूर कापताना गाईच्या नाकाला काय लागतं?"

थोरली गव्हाणीतला चारा सारखा करू लागली. तो सारखाच होता.

"तुमच्या दोन गोठ्यांत एखादी वस्तू ये-जा करते का?"

"कबुतरंसुद्धा करत नाहीत," थोरली म्हणाली.

नवरा खोकला.

"तुम्हालाही लागण झाली का काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "की काही सांगायचंय?"

"घशात भुसा गेला," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि लसीची पेटी टेकवायला पेंडीच्या पोत्यांमागची कोरडी जागा शोधली. तिथं पोत्याआड काहीतरी चकाकलं. त्यांनी ओढून काढलं. नाकात अडकवायचा नवा कोरा चिमटा, कागदात गुंडाळलेला, दुकानाची दोरीही न सोडलेली. हा नवऱ्यानं गेल्या हिवाळ्यात आणला होता, मुकाट्यानं खुंटीला लावला होता, आणि दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी बघून तो तेवढाच मुकाट राहिला होता.

"हा नवा आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग वापरता कुठला?"

त्याच क्षणी नवऱ्याची नजर खिडकीतून कुंपणाकडे गेली.

धाकटी डब्याशी उभी होती. तिनं चिमटा काढला, हातात तोलला आणि वळली. आणि तिच्या मागं, तिच्या गोठ्याच्या दारात, बाहेरच्या खांबाला बांधलेली मास्तरीण उभी होती. वडिलांची मास्तरीण. आता म्हातारपणाकडे झुकलेली, पोट दोन्ही बाजूंनी भरून आलेलं, दिवस भरत आलेले, आणि खूर पुढं वाकडे वाढलेले. तिच्या नाकाला अजून काही झालं नव्हतं. आणि चिमटा तासाभरापूर्वी इन्स्पेक्टरच्या नाकातून निघाला होता.

थोरलीनंही ते बघितलं. ती खिडकीशी धावली. तिनं तोंड उघडलं. घशाशी एक हाक आली, लहानपणची, तळ्याच्या काठावरून मारायची तसली, आणि तिथंच अडकली. इतकी वर्षं न वापरलेलं दार जसं फुगून बसतं, तसं तिचं झालं. ती नुसती खिडकीचा गज हलवत राहिली.

मग नवऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला:

"आज ढग आहेत!"

धाकटी थबकली. तिनं वर बघितलं. आभाळ निळंशार होतं.

"कुठं आहेत, भाऊजी?"

"फार आहेत! भयंकर ढग आहेत! हातातलं खाली ठेवा! मास्तरणीजवळ ढग नेऊ नका!"

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे बघितलं, मग काका बघत होते तिकडे बघितलं, आणि त्यांचे मोठे बूट दाराबाहेर पडले. फाटकाशी घमेल्यात एकदा फच्, आणि सरळ कुंपणाशी.

"तिकडच्या मावशी, थांबा! तो चिमटा मला द्या."

धाकटीनं तारेवरून तो दिला. चिमटा लखलखत होता. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, डब्याचं झाकण उघडलं आणि बोटांच्या चिमटीत ती बाही वर काढली. बाही ओलसर होती. तिच्याकडे बघून कुणालाही चौकट आठवली नसती.

"यानं पुसता?"

"दरवेळी," धाकटी जराशा अभिमानानं म्हणाली. "आमच्याकडून घाणेरडी वस्तू जात नाही."

"आमच्याकडूनही नाही," मागून आलेली थोरली डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तिला सांगा."

"त्यांनी ऐकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिला म्हणावं," आता धाकटी त्यांना म्हणाली, "रोग आमच्याकडून आला नाही. आमच्याकडे नवी कालवड आली नव्हती."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, मावशी. तुमचे निरोप पोचवायची नळी नाही." मग त्यांनी बाही उन्हात धरली. "हे बघा. शेंबूड या बाहीला, बाहीचा चिमट्याला, चिमट्याचा पुढच्या गाईला. ओल आहे, सावली आहे, वर झाकण आहे. विषाणूला याहून छान बिऱ्हाड मिळायचं नाही. तुम्ही जेवढं मन लावून पुसलंत, तेवढा तो नीट पसरला. चिमटा नुसता आपटून ठेवला असतात, तर विषाणू वाळून तरी गेला असता."

दोघी बहिणी, कुंपणाच्या दोन बाजूंना, एकाच तऱ्हेनं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. दोघींचे हात एकाच वेळी खाली आले.

"मास्तरीण?" थोरलीनं विचारलं. कुणाकडेच न बघता.

"तिच्या नाकाला हा लागलेला नाही. आज तिला लस देते, आणि आजाऱ्यांपासून लांब बांधा. वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही वाट आजच्या आज बंद. बाही जाळायची, चिमटा उकळायचा, आणि यापुढं प्रत्येक गोठ्याची हत्यारं वेगळी. इकडच्या मावशींकडे नवा चिमटा आहे, मी आत्ताच बघितला. आणि तिकडच्या मावशी, तुमच्या दारामागं खिळ्याला लटकतोय तो? गेल्या खेपेला मला वाटलं, विकायला ठेवलाय. कागदसुद्धा काढलेला नाही."

नवऱ्यानं मान वर केली. थोरलीनंही केली. तिकडेसुद्धा?

"मग मला सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन घरांत दोन नवे चिमटे कागदात गुंडाळून पडलेत, आणि सगळ्या गाईंच्या नाकात हा एकच जुना कशासाठी फिरतोय?"

मास्तरणीनं शेपटीनं एक माशी हाकलली. इकडच्या गोठ्यात इन्स्पेक्टर खोकली.

"जुन्याची पकड चांगली आहे," थोरली म्हणाली.

"हाताला बसलेला आहे," धाकटी म्हणाली.

"हल्लीचं लोखंड हलकं येतं," नवरा म्हणाला. आपलंही काहीतरी असावं म्हणून.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, हातोडी आणा. डबा मी उतरवते. असला की हात जाणारच."

हातोडी हळूहळू आली. नवरा एरवी धावत जाणारा माणूस, पण त्या दिवशी तो अंगणातून असा चालला, जणू हातोडीला चालवत आणायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी डब्यातली दोरी काढून थोरलीच्या हातात दिली. दोरीला गाठ होती, मागची, मोजे आले होते त्या वेळची. कुणी सोडली नव्हती. थोरली ती गाठ अंगठ्यानं चाचपत राहिली. थर्मामीटर आणि सुरी धाकटीला मिळाली. तिनं ती घेतली, पण बघत होती डब्याकडे.

हातोडीचा पंजा पहिल्या खिळ्याखाली गेला. खिळा गंजलेला, जुना. कुरकुरत वर आला आणि डबा एका कुशीवर कलला.

"थांबा," धाकटी म्हणाली.

"काय झालं, मावशी?"

"नवे चिमटे घेऊ. बाही जाळू. उकळायचं ते उकळू. पण हा राहू दे."

"रिकामा डबा कशाला ठेवायचा? त्यात घालणार काय?"

धाकटीनं उत्तरासाठी इकडे तिकडे बघितलं. भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी आभाळाकडे बघितलं, ढग एकही नव्हता, तेव्हा तिकडूनही मदत नाही. मग तिनं तारेवरून हात घालून कललेला डबा तळव्यानं सरळ धरला, खांबाला दाबून, खिळा पुन्हा आपोआप आत जाईल अशा बेतानं. ती डॉक्टरीणबाईंशीच बोलत होती, पण बघत होती त्या दोरी धरलेल्या हातांकडे.

"अहो, चिमटा काय, कुणीही विकत आणतं," ती म्हणाली. "हा नसला, तर ताई कशी आहे हे मला कळायचं कसं?"